बाईंच्या सहा दीर्घिका

१८ जून, ला सेरेना

आज पट्टी सोडली.

आमच्या धंद्यातला हा एक रिवाज आहे. माणसाला जे उत्तर हवं असतं तेच त्याला मोजमापात दिसायला लागतं, मग तो कितीही प्रामाणिक असो. म्हणून मोजायला बसण्याआधीच आम्ही स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधून घेतो. दीर्घिकांच्या प्रत्येक अंतरात संगणक एक गुप्त आकडा मिसळतो आणि सगळे त्या खोट्या अंतरांवरच काम करतात, चुका शोधतात, भांडतात, पुन्हा मोजतात. सर्वांचं समाधान झालं की भर सभेत तो आकडा वजा करायचा आणि खरं उत्तर जे निघेल ते निमूट छापायचं. एकदा पट्टी सुटली की कशालाही हात लावायचा नाही. गुप्त आकडा फक्त एकाच्या ताब्यात असतो. आमच्या गटात तो एक म्हणजे मी, एव्हारिस्तो उरेहोला, चार वर्षं. झोपेत बरळेन म्हणून मी बायकोशेजारी झोपायलासुद्धा बिचकायचो.

प्रश्न एवढाच की विश्व किती वेगानं पसरतंय. तो वेग कळला की ते कधी सुरू झालं आणि आपल्याला दिसू शकेल असं विश्व कुठवर आहे, हे दोन्ही हिशेबानं निघतं.

उत्तर पडद्यावर आलं आणि सभागृह उभं राहिलं. ते बाईंचं उत्तर होतं.

बाई म्हणजे ओर्तेन्सिया बाराओना. मला आणि इथल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलंय. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी डोंगरावरच्या दुर्बिणीतून दक्षिणेकडच्या सहा दीर्घिका मोजल्या आणि सांगितलं, तुम्ही समजता त्याहून विश्व वेगानं पसरतंय. म्हणजे ते वयानं लहान आहे आणि आकारानंही. परदेशातल्या परिषदेत त्यांना लोक हसले होते. म्हणूनच गेल्या वर्षी मी हट्ट धरून त्यांच्या त्या सहा दीर्घिका नव्या दुर्बिणीनं मोजायला लावल्या आणि आमच्या मोजमापात घातल्या. त्यांच्यात गुप्त आकडाही मीच मिसळला. बाईंचा मान राहावा, एवढाच हेतू.

सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा बाई खुर्चीत बसून होत्या, नाकात प्राणवायूची नळी. मी वाकून त्यांचा हात हातात घेतला. त्या म्हणाल्या, "माझ्या सहा काढून टाकल्या तर काय येतं रे, लुकड्या?"

विद्यार्थी असताना मी काडी होतो, तेव्हापासूनचं हे नाव. मी म्हटलं, "बाई, आता काय काढायचं? पट्टी सुटली." त्या क्षणी त्यांना हेच सुचावं, याचं मला भारी कौतुक वाटलं.

१९ जून

टीव्हीवाले येऊन गेले. निळा टाय लावला. तो पडद्यावर करडा दिसला.

२३ जून

विकुन्या गावी बाईंच्या घरी गेलो. धाकटी बहीण उबाल्दिना त्यांचं सगळं करते. रॉकेलची शेगडी पेटलेली, पाव आणि कुस्करलेला अवोकाडो समोर, चहाची वेळ. मी पाकातल्या पपईचा डबा नेला होता.

उबाल्दिनानं टीव्हीवरचं माझं बोलणं ऐकलं होतं. "फुगतंय फुगतंय म्हणता, पण कशात फुगतंय? बाहेर जागा असल्याशिवाय?"

"बाहेर काही नाहीच ग," बाई म्हणाल्या. "जागाच वाढते."

"माझ्या स्वयंपाकघरात नाही वाढत ती."

"तिथे तू आहेस ना. घाबरत असेल."

बऱ्याच दिवसांनी त्यांना असं बोलताना ऐकलं. मग मला म्हणाल्या, "कागद आणलेस?" कसले, विचारलं तर म्हणाल्या, माझ्या सहा दीर्घिकांचे, आणि त्या वगळून येणाऱ्या उत्तराचे. मी म्हटलं, बाई, तुमच्या सहांनीच तर बाजी मारली, त्यांना कशाला वगळताय. त्यांनी डब्याकडे पाहिलं, नुसत्या "हं" म्हणाल्या.

जिंकल्यावरही स्वतःला बाजूला काढून पाहायचं, ही खरी विनम्रता. जुलैअखेरीला जाहीर सभा आहे, तिथल्या भाषणात हे घ्यायला हवं.

२७ जून

सभेसाठी आलेख काढत होतो. हौस म्हणून सहा दीर्घिकांना लाल रंग दिला. बाकीचे ठिपके रेषेच्या वर-खाली विखुरलेले, जसे असायला हवेत. सहाही लाल ठिपके रेषेच्या खाली. सगळे सारख्याच अंतरानं खाली.

ते अंतर मी मोजलं. मोजायची गरज नव्हती. तो आकडा मी चार वर्षं सांभाळलाय.

पट्टी सोडणारी संगणकाची आज्ञा जुन्या दीर्घिकांसाठी लिहिली होती. सहा नंतर आल्या. त्यांच्यात आकडा मिसळला गेला, पण वजा झालाच नाही. त्या आहेत त्याहून जवळ दिसताहेत, आणि बाकीच्या शेकडो दीर्घिकांची अंतरं याच जवळच्यांच्या आधारानं ठरतात, त्यामुळे सगळं विश्वच आखूड झालं. पट्टी होती तेव्हा सगळ्यांत सारखीच खोट होती, म्हणून कुठल्याही तपासणीत काही निघालं नाही. आणि पट्टी सुटल्यावर कुणी तपासलं नाही, कारण पट्टी सुटल्यावर हात लावायचा नाही, हाच तर आमचा नियम.

आलेख बंद केला. लाल रंग काढून पुन्हा काळा केला.

२८ जून

कुणाला काही बोललो नाही. आधी नीट खात्री करायला हवी.

३ जुलै

खात्री झाली. तीनदा झाली.

दानित्सा खोलीत आली. गेली चार वर्षं ह्या मोजमापाचा सगळा भार तिनंच वाहिलाय. म्हणाली, "बाईंचा फोन आला होता. सहा वगळून काय येतं ते काढून दे म्हणाल्या. काढू का? तासाभराचं काम आहे."

"काही गरज नाही."

"पण त्या विचारताहेत."

"त्या आजारी आहेत, दानित्सा. एकच गोष्ट धरून बसतात. पट्टी सुटल्यावर कुठलीही नवी तपासणी नाही, नियम तुला ठाऊक आहे."

ती "बरं" म्हणाली. दारातून वळून म्हणाली, दहा तारखेला म्युनिकच्या नोकरीची मुलाखत आहे, प्रार्थना करा. मी करतो म्हटलं.

मला बाईंचा जरा रागच आला. पोरीला कशाला त्रास द्यायचा?

९ जुलै

उबाल्दिनाचा फोन. डॉक्टर आले होते. बाईंची फुप्फुसं ऑगस्टअखेरपर्यंतचा हा हिवाळा काढतील असं त्यांना वाटत नाही.

आता माझ्या मनात काही शंका उरली नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं हसू सोसलं, तिला शेवटच्या आठवड्यांत जाऊन सांगायचं की ते हसणारे बरोबर होते? इतका निर्दय मी नाही. त्या गेल्या की महिनाभर जाऊ द्यायचा, मग शांतपणे दुरुस्ती छापायची. विश्व कुठे पळून जात नाही. म्हणजे जातंय, पण महिन्याभरानं काही फरक पडत नाही.

संस्थेच्या संचालकपदाची निवड ऑगस्टमध्ये आहे, माझंही नाव आहे. त्याचा याच्याशी काहीएक संबंध नाही. उगाच लिहिलं.

११ जुलै

दानित्साची मुलाखत छान झाली. तिनं खोबऱ्याचे गोड गोळे वाटले. मी दोन घेतले.

१६ जुलै

आज चर्चमध्ये कार्मेनच्या माउलीचा सण. उबाल्दिना मिरवणुकीला गेली आणि मला बाईंपाशी बसवून गेली. बाहेरून बँडचा आवाज येत होता. बाई मध्येच धापा टाकत थांबायच्या, मग बोलायच्या.

"सुरुवातीच्या आधी काय होतं, ते मला कळणार नाही. आपल्याला दिसतं त्याच्या पलीकडे कुठवर आहे, की त्याला अंतच नाही, तेही नाही कळणार. त्याचं मला दुःख नाही रे. ते कुणालाच कळलेलं नाही. पण जे कळण्यासारखं आहे, शेजारच्या माणसाला कळलेलं आहे, ते न कळता जायचं..."

"बाई, असं जायचं-बियचं बोलू नका."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "एव्हारिस्तो, तुला मला काही सांगायचंय का?"

"सांगायचंय ना. औषध वेळेवर घ्या."

मी उशी सारखी केली. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. फार दमल्या होत्या. उबाल्दिना आल्यावर तिला म्हटलं, त्यांना झोपू दे, इतकं बोलायला लावू नकोस. ती म्हणाली, मी कुठे लावते, तुम्ही येणार असलात की सकाळपासून त्या श्वास राखून ठेवतात, तुमच्याशी बोलायला.

हे ऐकून घरी येईपर्यंत रडू येत होतं. मी त्यांच्यासाठी किती मोठं ओझं उचलतोय, हे कुणालाच कधी कळणार नाही.

२० जुलै

लिहून टाकतो, नाहीतर उद्या मी ते बदलून लिहीन.

सभेत वाचायचं निवेदन बाईंना वाचून दाखवायला गेलो होतो. दुसऱ्याच परिच्छेदात त्यांनी हात वर केला. "‘निर्विवाद’ हा शब्द कुणी घातला?"

"मी."

"माझ्या सहा काढल्या तर काय येतं?"

मी कागदाकडे बघत बसलो. उबाल्दिना कपडे घड्या घालत होती, तीही थांबली. मग मी सांगितलं. गुप्त आकडा, विसरलेली वजाबाकी, लाल ठिपके, सगळं. सांगताना मला वाटत होतं त्या कोसळतील. मी प्राणवायूच्या नळीवर लक्ष ठेवून होतो.

"कधी कळलं तुला?"

"थोडे दिवस झाले."

"डॉक्टर येऊन गेले त्याच्या आधी की नंतर?"

मला खोटं बोलता आलं असतं. वेळ पुरला नाही. "आधी."

"म्हणजे माझ्या छातीचा त्यात काही संबंध नाही."

"बाई, मला वाटलं तुम्हाला निदान एवढा आनंद..."

"माझा आनंद? अरे, मला पहिल्याच दिवशी संशय आला. चाळीस वर्षं मी त्या सहांबरोबर काढली. दुर्बिणीची तेव्हाची काच, तेव्हाचं ढगाळ आकाश, आणि उत्तर हुबेहूब तेच? इतकी हुशार मी नव्हते. तपासायला कागद हवे होते, तर तू पपई घेऊन आलास."

उबाल्दिना म्हणाली, "ताई, हळू." बाईंनी तिला हातानं गप्प केलं.

"ते सगळे मला हसले ना, ते माझ्या तोंडावर हसले. भर सभेत उठून म्हणाले, बाराओना, तुमचं चुकलं. मी रात्रभर रडले, सकाळी उठून परत मोजायला बसले. त्यांनी मला खगोलशास्त्रज्ञ म्हणून चूक ठरवलं. तू मला आजारी म्हातारीत काढलंस. आणि तेही माझ्यासाठी नाही. भीती तुझी होती, नाव माझं लावलंस."

त्या बराच वेळ खोकत होत्या. नंतर म्हणाल्या, "खरं काय येतं?"

"अजून काढलं नाही."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मला लिहिता येत नाही. इतके दिवस मला उत्तर ठाऊक करून घ्यायचीसुद्धा इच्छा झाली नव्हती. हे त्यांना कळलं, आणि त्यांच्यामुळे मला.

२१ जुलै

सकाळी गटातल्या सगळ्यांना कळवलं. चूक 'नुकतीच' लक्षात आली असं लिहिलं. नुकतीच म्हणजे किती, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

दानित्सा आली आणि दारातच उभी राहिली. "कधी लक्षात आलं?"

"परवा."

"मी म्युनिकला हाच आकडा सांगितला. फळ्यावर लिहून दाखवला." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "परवा म्हणजे मुलाखतीनंतर. मग ठीक आहे, तुमचा तरी काय इलाज."

तिनं संगणक उघडला, बाकीच्यांना बोलावलं आणि सगळं पुन्हा करायला घेतलं. मला कुणी काही काम दिलं नाही.

मला स्वतःची शिसारी येतेय. आणि तरीही 'परवा' पुसून खरं सांगायला मी खोलीबाहेर गेलो नाही.

२५ जुलै

नवं उत्तर आलं. बाईंच्या उत्तराच्या पार विरुद्ध बाजूला. हसणारे बरोबर होते.

विकुन्याला गेलो. बाई उशांना टेकून बसल्या होत्या. मला बस म्हणाल्या नाहीत. मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. तोंडी हिशेब करत होत्या, जसा वर्गात करायच्या.

"म्हणजे वय वाढलं," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि दिसणारी हद्द?"

मी सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, दशांशासकट. मग डोळे उघडले. मला वाटलं पाणी आहे, पण नव्हतं. उबाल्दिनाला हाक मारून म्हणाल्या, "ऐकलंस का ग? मी आयुष्यभर सांगत होते त्यापेक्षा बरंच मोठं निघालं."

"मला काय त्याचं," उबाल्दिना सूप ढवळत म्हणाली. "मला एवढंच पुरतंय." मग तिनं बाईंकडे नीट पाहिलं आणि जरा नरमून विचारलं, "बरंच म्हणजे किती, ताई?"

बाई तिला समजावू लागल्या. हातांनी दाखवत होत्या, भांड्यांच्या, अंगणाच्या, डोंगराच्या मापानं. मी उभाच होतो. चाळीस वर्षांचं काम गेलं होतं आणि ही बाई खूश होती. मला त्यांचा इतका हेवा वाटला की तिथे थांबवेना.

निघताना सांगितलं, "शोधनिबंधावरून तुमचं नाव काढायचं ठरलंय. उगाच तुम्हाला बोल लागायला नको."

"राहू दे. चूक माझी आहे, ती माझ्या नावानं असू दे." मग म्हणाल्या, "पोरीला खरी तारीख सांगितलीस?"

मी सांगेन म्हटलं.

३० जुलै

सांगितली नव्हती. आज सकाळपर्यंत नव्हती.

सभागृह भरलेलं. टीव्हीवालेही होते, कमी. बाईंना चाकाच्या खुर्चीतून पुढच्या रांगेत आणलं. डॉक्टर नको म्हणत होते, उबाल्दिना सांगत होती की त्यांना आणलं नसतं तर त्या रांगत आल्या असत्या. दानित्सानं नवं उत्तर मांडलं, नीट, न अडखळता. म्युनिकवाल्यांनी तिला अजून काही कळवलेलं नाही.

मग अध्यक्ष उठले. त्यांनी बाईंच्या त्यागाबद्दल, नियतीच्या क्रूरतेबद्दल, शास्त्राच्या वाटेवरच्या काट्यांबद्दल फार वेळ सांगितलं. लोक हळवे झाले. दोघी-तिघी डोळे पुसत होत्या. मलाही बरं वाटत होतं, कारण त्या सगळ्या दुःखात चूक कुणाची हे कुणी विचारत नव्हतं.

बाईंनी माईक मागितला. नळी बाजूला केली.

"माझा आकडा चुकला होता," त्या म्हणाल्या. "विश्व त्याहून जुनं आहे आणि मोठं आहे. यात रडण्यासारखं काही मला तरी दिसत नाही. कुणाला काही विचारायचंय?"

मग मागून एका वार्ताहरानं विचारलं की ही दुसरी चूक, आकडा वजा न होण्याची, ती केव्हा ध्यानात आली?

दानित्सा उत्तर द्यायला उठली. तिला उत्तर ठाऊक आहे असं तिला वाटत होतं. बाईंनी तिला हातानं बसायला सांगितलं. मी त्यांच्या शेजारीच बसलो होतो. त्यांनी माईक माझ्या हातात ठेवला आणि स्वतःचा हात माझ्या हातावरून काढला नाही. तो इतका हलका झालाय की मला सहज बाजूला करता आला असता.

"सत्तावीस जूनला," मी म्हणालो.

पलीकडे दानित्सानं मान वर केली. बाईंचा हात अजून तिथेच होता, म्हणून मी पुढचंही सांगितलं.